तृणराजाचा हिवाळा

१४ नोव्हें.
पाणीटंचाईच्या आढावा बैठकीची बातमी धाडली. अधिकारी अडीच तास बोलले, मजकूर चार ओळींचा. पेपरवाल्यांनी तीनच छापल्या तर त्यांचे आभार.
संध्याकाळी वसूचा फोन. तिकडे दुपार. जर्मनीत राहून अठरा वर्षं झाली तरी धाकट्या बहिणीचा फोनवरचा पहिला शब्द "जेवलास का" हाच असतो. आज तो नव्हता. "दादा, तिसरा लावलाय."
म्हणजे ताड. पंख्यासारख्या पानांचा, चिनी जातीचा. मे महिन्यातच परसात लावला, मला लाजेनं सांगितलं नाही. आधीचे दोन तिथल्या हिवाळ्यानं नेले. दाजींनी बजावलंय, हाही गेला की त्या जागी फरशी आणि फरशीवर सायकलींची शेड. चौथा नाही.
म्हटलं, आपल्या येडशीच्या ओढ्याकाठी एवढ्या शिंद्या होत्या, ताडाच्याच भावकीतल्या, त्यांना कुणी पांघरूण घातलं होतं?
"आपल्या ओढ्यावर कधी बर्फ पडलं होतं?"
मग पाठशाळेतली विद्या काढली. संस्कृतात ताडाला तृणराज म्हणतात, गवतांचा राजा.
"राजा गारठून मरतोय दादा. श्लोक नको, उपाय सांग."

१६ नोव्हें.
मागच्या दोघांचा मृत्युवृत्तान्त विचारून घेतला. बातमीदार आहे, सवयच ती.
पहिला: प्लास्टिकात घट्ट गुंडाळला. आत घाम धरला, गाभा कुजला.
दुसरा: गोणपाटात गुंडाळला, आत ऊब राहावी म्हणून दिवाळीची माळ सोडली. दोन महिने झाड देवीच्या मखरासारखं झळकत होतं. मार्चमध्ये उघडून मधला कोवळा सुळका, म्हणजे न उलगडलेलं पान, ओढला तर हातात आला. सुळका हातात आला की झाड गेलं, अशी तिकडची परीक्षा. शेजारच्या म्हातारीनं मग खुलासा केला: तुझी माळ एलईडीची. उजेड देते, ऊब देत नाही. जुन्या बल्बांची पाहिजे, तापणाऱ्या. त्या आता तिथं मिळत नाहीत.
"तुझ्याकडं मिळतील?"
मिळतील म्हणालो. कशाच्या जोरावर, मलाच ठाऊक नाही.

१९ नोव्हें.
धाराशिवात सात दुकानं. एकानं वर केलेले हात खाली घेतले नाहीत. दुसरा: "सर, चीनचा माल घ्या, पन्नास रंग बदलतो." तापतो का विचारलं. "अजिबात न्हाय, ग्यारंटी." तीच तर अडचण.
बायको मालती म्हणाली, "बातमीसाठी कधी इतकं फिरल्याचं पाहिलं नाही." खरं आहे. बातमी आपली आपण चालत येते.

२३ नोव्हें.
सापडली!
येरमाळ्याला कांद्याच्या भावाची बातमी होती. परतताना रस्त्याकडेला मंडप-डेकोरेशनचं गोडाऊन दिसलं, शिरलो. मालक इनायतभाई, साठीचे, दाढीला मेंदी. विचारलं. त्यांनी माळ्यावरून धुळीचं एक गाठोडं खाली टाकलं. लाल-पिवळे-हिरवे बल्ब, लिंबाएवढे. प्लगला लावले.
"धरा."
धरला. सोडला. चटका.
"म्हणूनच काढून ठिवली. गेल्या बारीला मंडपाचा कपडा जळाया लागला. लई करंट खाती, लई तापती. तुमास्नी दुसरी दितो, चांगली."
"मला हीच पाहिजे."
"खराब माळ पाहिजे?"
सगळं सांगितलं.
"झाडाला थंडी वाजती?"
"हो."
"आन् त्याच्यासाठी तुमी एवढं फिरायलाव?"
"हो."
"बहीण मोठी का बारकी?"
"बारकी."
"मग बरुबर हाय," म्हणाले, आणि माळ पुसायला बसले. देण्याघेण्याचं काही बोलू देईनात. झाड जगलं की फोटो दाखवा, एवढंच. निघताना माळेला बांधलेल्या पुरचुंडीबद्दलही काहीतरी म्हणाले, पण तोवर एसटी आली.
वसूला कळवलं. ती नुसती हसत होती. पोरगी असताना हसायची तशी, वाक्य पूर्ण न करता.

२ डिसें.
भूमला दाजींच्या पुतणीचं लग्न. दाजी जर्मनीहून एकटेच खास आलेले. पंगतीनंतर बाजूला घेऊन पिशवी दिली. त्यांनी उघडून पाहिली.
"मेव्हणे, हे घेऊन विमानात बसलो तर मला उतरवून घेतील."
"म्हणा, सासुरवाडीची भेट आहे."
"सासुरवाडीनं अंगठी द्यावी. तुम्ही मंडप दिला." मग हळूच, "तिला सांगू नका, पण तिसऱ्यांदा तिला तसं रडताना बघायचं नाही मला. म्हणून फरशी म्हणतोय."
माझी थट्टा तिथंच विरली. पिशवी त्यांनी नेली.

१३ डिसें.
दाजींनी माळ लावू दिली नाही. म्हणाले, ही वायर आहे की सुतळी? वसू रागावून झोपली. सकाळी उठते तर इंजिनियर साहेब स्वयंपाकघरात बसलेले, वायर नवी, प्लग नवा, वर एक यंत्र: गारठा वाढला की माळ आपोआप पेटते. विरोधी पक्षात राहून सरकारचं सगळं काम करणारा असा पुरुष विधानसभेत का नाही.

१५ डिसें.
फोटो आला. पानं वर ओढून एकत्र बांधलीत, भोवती माळ, मग गव्हाचं काड, वर गोणपाट. डोक्यावर पाऊस लागू नये म्हणून टोपी. हुबेहूब मुंजीतला बटू. वसूला म्हटलं, भिक्षावळीला काय घालू?
"ऊब घाल," म्हणाली.

९ जाने.
इथं किमान तापमान नऊ. मी "कडाक्याच्या थंडीनं जिल्हा गारठला" अशी बातमी दिली, शेकोटीच्या फोटोसह. वसूकडं उणे तेरा. आपली बातमी मागं घ्यावी असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

१० जाने.
दुपारी बाराला फोन. तिकडे नुकतं उजाडत होतं. वसूचा आवाज बारीक. "माळ बंद आहे दादा. कधीपासून, माहीत नाही."
एक बल्ब गेला की सगळी माळ जाते, एवढं मलाही कळतं. पुढचं नाही. इनायतभाईंना व्हिडिओत जोडून घेतलं. ते कुठल्याशा लग्नाच्या मंडपात शिडीवर, तोंडात दोरी.
"दाजीसाब, घाबरू नका. एक बल्ब काढा, नवा बसवा. न्हाय पेटली तर जुना परत, म्होरला काढा."
दाजी गोणपाट बाजूला सारून बर्फात गुडघ्यावर, पाठीवर वसूची शाल. "नवा कुठला आणू? हे मिळत नाहीत इथं."
"पुरचुंडीतला!"
"कसली पुरचुंडी?"
"माळंच्या टोकाला बांधलेली. चार बल्ब ठिवलेत की जादा. सरांना सांगितलं होतं मी."
सर्वांनी माझ्याकडं पाहिलं. दोन हजार कोसांवरूनही कळतं. त्या दिवशी एसटी आली, मी विसरलो.
दाजी म्हणाले, "ती होय? मला वाटलं दृष्टीची असेल, वायर बदलताना काढून ठेवली."
वसू घरात पळाली. पुरचुंडी देव्हाऱ्यात होती! येरमाळ्याहून आली म्हणजे येडेश्वरीचा अंगारा असणार, असं समजून बाईनं महिनाभर तिची पूजा केली. उघडली तेव्हा बल्बांना हळदकुंकू लागलेलं.
इनायतभाई शिडीवरून, गंभीरपणे: "कुकू पुसून बसवा. करंटाला चालत न्हाय."
दाजींची बोटं आखडायची, मग ती काखेत धरायचे, मग पुढचा बल्ब. एकतिसाव्याला माळ पेटली. लाल, पिवळी, हिरवी, काडातून. शिडीखालून कुणीतरी ओरडलं, चाचा, नवरदेव आला. ते म्हणाले, थांबव त्याला.
रात्रभर बंद होती की तासभर, कोण सांगणार. सुळक्याचं काय झालं असेल ते आता मार्चमध्येच.
मला बातमी सुचेना. संपादकांना म्हटलं, आज काही घडलं नाही.

२१ फेब्रु.
वसू रोज गोणपाटाला हात लावून येते. उघडत नाही. "गरोदर बाईला विचारल्यासारखं विचारू नकोस," म्हणाली, मी चौथ्यांदा विचारल्यावर.
इथं ऊन तापायला लागलं. येडशीच्या ओढ्यावर मुद्दाम जाऊन शिंद्या पाहिल्या. निवांत आहेत. त्यांना आपल्या थोरवीची कल्पना नाही.

२२ मार्च
उघडलं. मी इकडून व्हिडिओवर, दाजी कात्री घेऊन, वसू काही न करता उभी.
बाहेरची पानं तपकिरी. निम्मी तरी गेली. मध्ये सुळका उभा आहे, फिकट हिरवा. पण मागच्या वेळीही तो उभाच होता, आणि हिरवाच.
"ओढू का, दादा?"
मी फोन डोळ्यांजवळ नेला.
दाजी म्हणाले, "राहू दे." खिशातून मार्कर काढला, सुळक्यावर आणि शेजारच्या देठावर मिळून एक सरळ रेघ मारली. "जिवंत असेल तर सुळका वर सरकेल, रेघ तुटेल. ओढायचं कशाला."
फरशीचा विषय कुणी काढला नाही.

२९ मार्च
रेघ तुटली! असं वसू म्हणते. अर्धा मिलिमीटर. फोटो धाडला, मी भिंग लावून पाहिला, मालतीनं पाहिला, तिला दोन रेघा दिसतात, मला दीड.
दाजींचं म्हणणं, ती मार्करचीच जाडी आहे.
इनायतभाई चैत्री यात्रेच्या मंडपाच्या गडबडीत. फोन करून सांगितलं. "अर्धा तर अर्धा. मेलेलं कशाला वाढंल?" फोटो मागितला. अजून नाही म्हटलं, थोडं थांबा.
आत्ता पुन्हा वसूचा फोन येऊन गेला. दाजी बाजारात गेलेत. बारीक टोकाचं पेन आणायला.