मिसेस व्ही. एम. प्रुइट

हार्लन फोर्क, अलाबामा
१८ फेब्रुवारी १९९६

चि. लूशस यास,
अनेक आशीर्वाद.

आज सकाळी प्रार्थना झाली, दुपारी चर्चच्या तळघरात सगळ्यांचं जेवण झालं आणि चार वाजता भाषण होतं. थंडी असूनही गर्दी चांगली होती. मी तळलेली कोंबडी नेली होती. आई गेल्यापासून मी पहिल्यांदाच काही रांधून बाहेर नेलं.

भाषण डॉ. मॅरिएन बोल्डेन या इतिहासाच्या बाईंचं होतं. आपल्या काळ्या माणसांतलीच मुलगी आहे, ओहायोत वाढलेली, तिशीची असेल. मतदानाच्या हक्काच्या लढ्यातली विसरलेली माणसं, हा विषय. मोर्च्यातल्या मुलांना तुरुंगात टाकलं त्या उन्हाळ्याचं तिने सांगितलं. म्हणजे तुमचंच. जामिनासाठी घर तारण ठेवायला कुणी धजत नव्हतं, तेव्हा एकाच माणसाने पुन्हा पुन्हा सही केली. व्ही. एम. प्रुइट. मग ती म्हणाली, की या धाडसी गृहस्थांविषयी आज कुणालाच काही ठाऊक नाही.

चर्चच्या बाकावरची आपली सिस्टर डेल्फीन शेजारी होती. ती माझ्या कानाशी लागली, "तुझ्या आईला मिशा कधी फुटल्या गं?" मला हसू आलं.

भाषण संपल्यावर मी पुढे जाऊन सांगितलं, की ते गृहस्थ नव्हेत, माझी आई. केस विंचरण्या-सजवण्याचं दुकान होतं तिचं, त्यातूनच घर झालं. मुलीने माझे दोन्ही हात धरले. तिचे डोळे भरून आले होते. आईचं नाव विचारलं. मी म्हटलं, मिसेस प्रुइट. ती हसून म्हणाली, ते झालं, पण नाव? मी म्हटलं, ती हेच सांगायची.

तुला हे लिहायला नको, पण आज राहवत नाही. बँकेतला तो मिसरूड न फुटलेला गोरा कारकून आपल्या म्हाताऱ्या बायकांना सरळ नावाने हाक मारायचा. गोऱ्या बाईला 'मिसेस', आपल्या बाईला नुसतं नाव. म्हणून आईने नाव कधी कुणाला दिलंच नाही. व्ही म्हणजे काय, असं त्याने विचारलं तर म्हणाली, "व्ही म्हणजे व्ही." शेवटी त्याला दुसरं काही म्हणताच येईना, तेव्हा कुठे 'मिसेस प्रुइट' तोंडातून निघालं. त्या दिवशी तिने घरी येऊन केक केला होता.

डॉ. बोल्डेनला तुझ्याकडून तुरुंगातल्या आठवणी हव्या आहेत. तुझा फोन नंबर दिला आहे. नावाचं तेवढं सांभाळ.

थंडीत उघड्या डोक्याने फिरू नकोस. माया आहे तशीच राहू दे.

तुझी ताई,
अर्नेस्टीन


डेट्रॉइट
४ मार्च १९९६

ती. ताईस,
लूशसचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोहोचलं. मिशांचं वाचून मी एकटाच मोठ्याने हसलो. सिस्टर डेल्फीनला म्हणावं, आईला मिशा असत्या तर आम्हाला कोंडणारा तो शेरीफ त्याच दिवशी राजीनामा देऊन मोकळा झाला असता.

आता ऐक, आणि पत्र फाडण्याआधी शेवटपर्यंत वाच. तुझं पत्र यायच्या आधीच त्या मुलीचा फोन आला. तासभर बोललो. कोठडीत आम्ही किती गाणी म्हटली, आई मला न्यायला आली तेव्हा तिने डोक्यावर रविवारची चर्चची टोपी कशी घातली होती, सगळं सांगितलं. मग त्या मुलीने आईचं नाव विचारलं आणि मी सांगितलं. वश्ती. बायबलातली ती राणी, राजाने बोलावलं तरी न गेलेली, हेही सांगितलं. मुलीने ते लगेच लिहून घेतलं.

बाबा स्वयंपाकघराचं दार लावून आईला 'वश्ती' म्हणायचे, तेव्हा ती कशी वळून बघायची, आठवतं ना? बाबा गेले आणि ते नाव कुणाच्या तोंडी राहिलंच नाही. ताई, एवढं सुरेख नाव तिने जन्मभर कुलपात ठेवलं. आता घाबरायचं कुणाला? नाव नसलेल्या बाईला लोक पुरुष समजतात, हे तू स्वतःच ऐकलंस.

तिच्या थडग्याच्या दगडावर काय कोरायचं ते कळव. माझ्या मते पूर्ण नाव असावं. रागावली असलीस तर रागावून लिही, पण लिही.

तुझा धाकटा,
लूशस


हार्लन फोर्क
२३ मार्च १९९६

चि. लूशस यास,
अनेक आशीर्वाद.

रागावले नव्हते. काय लिहावं ते सुचत नव्हतं. आज गावच्या वाचनालयात डॉ. बोल्डेनचं दुसरं भाषण झालं, ते ऐकून मग लिहावं असं ठरवलं. तिथे गोरी मंडळीही बरीच आली होती.

भाषण सबंध आईवरच होतं. वश्तीने दुकान काढलं. वश्तीने घर तारण ठेवलं. वश्ती शेरीफसमोर उभी राहिली. त्या वेळचे आपले पाद्री मात्र दर वेळी 'रेव्हरंड टॉलिव्हर' होते, आणि तुमचा खटला लढवणारे वकीलसाहेब 'मिस्टर'. आई एकदाही मिसेस झाली नाही. मुलगी फार प्रेमाने बोलत होती. शेवटी तिने सगळ्यांना उभं केलं, आणि हे नाव पुन्हा कधी विसरायचं नाही म्हणून तिच्यामागून मोठ्याने म्हणायला सांगितलं. सगळी खोली म्हणाली. शाळेतली पोरंही म्हणाली. आपल्या चर्चच्या म्हाताऱ्या बायका उभ्या राहिल्या, पण त्यांची तोंडं मिटलेली होती. माझंही.

नंतर सरबताच्या टेबलाशी एक म्हातारे गोरे गृहस्थ आले. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमची वश्ती मोठ्या धीराची हो." मनापासून म्हणाले. मी त्यांचे आभार मानले.

सिस्टर डेल्फीन माझ्याबरोबर गाडीपर्यंत आली. मग म्हणाली, "चाळीस वर्षं तुझी आई आणि मी एका बाकावर बसलो. मला नाव माहीत नव्हतं. तसंच राहिलं असतं तर बरं होतं."

त्याआधीच मी त्या मुलीला एकटीला गाठून सांगितलं होतं, की आईला मिसेस प्रुइट म्हणत जा. का, तेही सांगितलं. ती खाली बसली. म्हणाली, मला वाटलं नावाने ती लोकांना जवळची वाटेल. मग हळूच म्हणाली, की आईवरचा लेख छापून झाला आहे, आणि त्याचं नावच 'वश्ती' आहे. ती रडायला लागली, तेव्हा मीच तिला रुमाल दिला.

तुला दोष देत नाही. आई आता विसरली जाणार नाही, ते तुझ्यामुळे. पण तिला विचारलं असतं तर तिने काय निवडलं असतं, ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. दगडवाल्याकडे जाऊन आले. मिसेस व्ही. एम. प्रुइट, एवढंच कोरायला सांगितलं आहे. यात तू मोडता घालू नकोस.

ईस्टरला ये. तुझ्यावरचा जीव कमी झालेला नाही, तूही मनात काही धरू नकोस.

घरी आले तेव्हा पाच वाजले होते. बूट काढले. सकाळची चवळी उरली होती, तिच्यात थोडं पाणी घालून गरम केली आणि ओट्याशी उभ्यानेच खाल्ली.

तुझी,
अर्नेस्टीन