वाळूच्या टेकडीचा लेखी करार

इंदिरानगर, नाशिक
८ जानेवारी

आदरणीय लंकाअक्कास,
धाकट्या सुलाचा सविनय जयभीम.

तुझी तब्येत ठीक आहे असे मी धरून चालते, कारण ठीक नसती तर आतापर्यंत तुझे तीन फोन आले असते. दाजींचा खोकला गेला का? (गेला नसेल. खोकला हळदीच्या दुधाने जात नाही, तपकीर सोडल्याने जातो, हे मी त्यांना सत्याऐंशी सालापासून सांगते आहे.) सिन्नरला थंडी फार पडल्याचे वाचले. पायमोजे घालत जा. आणि तुझा तो वॉकर अजून बाहेरच्या खोलीत कोपऱ्यात उभा आहे का? मागच्या खेपेला मी आले तेव्हा त्यावर दाजींचे टॉवेल वाळत होते. ऑपरेशनला दोन वर्षे झाली, तू बाजारात पायी जाऊन येतेस, मग ती ॲल्युमिनियमची घोडी भंगारवाल्याला का देत नाहीस, हे मी तेव्हाही विचारले होते. गुडघे म्हणजे काय एसटीची टायरे आहेत का, झिजली की बदलायला, असेही मी तुझ्या ऑपरेशनच्या वेळी म्हटले होते. दवाखान्यात सगळ्यांसमोर म्हटले होते. त्याकडे पुढे येते.

हे सगळे फोनवर सांगता आले असते, पण फोनवर तू मध्येच हसतेस आणि आमच्या घरी फोन स्पीकरवर टाकून बोलायची पद्धत पडली आहे. पत्र वाचताना हवे तेवढे हस, मला ऐकू येणार नाही.

प्रकरण असे की दिवाळीनंतर सृष्टीने (सून बँकेत आहे, त्यामुळे कशावरही सही घेतल्याशिवाय तिला चैन पडत नाही) मला हाडांच्या डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. त्यांनी एक्स-रे उजेडापुढे धरला आणि उजवा गुडघा बदलावा लागेल म्हणाले. मी म्हटले, फोटो नीट आलेला नाही. घरी आल्यावर सृष्टी म्हणाली, ‘आई, तुम्ही उठताना ओट्याला धरता.’ मी म्हटले, ओटा पक्का आहे का ते बघते. ‘रोज?’ म्हणाली. अशी ही मुलगी. महिनाभर हाच विषय. तेवढ्यात अश्विनने माझ्या सत्तरीनिमित्त राजस्थानात वाळवंटातल्या तंबूंमध्ये दोन दिवसांचा मुक्काम ठरवून टाकला, आणि तिथल्या एका उंच वाळूच्या टेकडीवरून सूर्यास्त बघायचा असतो हे कळल्यावर तोडगा मीच काढला. वहीचे पान फाडून करार लिहिला: मी सूर्यास्तापूर्वी, कोणाचाही हात न धरता, टेकडीच्या माथ्यावर पोचले तर ऑपरेशनचा विषय वर्षभर घरात निघणार नाही, न पोचल्यास डॉक्टर देतील ती तारीख मला मान्य. दोघींनी सह्या केल्या. अश्विनने साक्षीदार म्हणून केली. (न वाचता केली. बापावर गेला आहे.)

या मुक्कामाला ग्लॅम्पिंग म्हणतात. म्हणजे कॅम्पिंगच, पण थाटाचे, असे अश्विन म्हणाला. मी थाट सोडून दिला आणि कॅम्प तेवढा लक्षात ठेवला. शाळेत गाइडच्या मुलींची शिबिरे मी तीस वर्षे घेतली. कॅम्पला काय लागते हे मला कोणी सांगायला नको. शिट्टी, सुतळी, लाकडी हातोडी, मेणबत्त्या, स्टीलचा मग आणि चार दिवस टिकतील अशा दशम्या. विमानतळावर सुरक्षेच्या माणसाने हातोडी वर धरून विचारले, हे कशाला? मी म्हटले, खुंट्या ठोकायला. त्याने अश्विनकडे पाहिले. अश्विनने छताकडे पाहिले. शेवटी हातोडी मोठ्या बॅगेत घालून विमानाच्या सामानात पाठवली, पण अडवली नाही, यावरून खुंटीचे महत्त्व देशात अजून टिकून आहे असे मी समजते.

विमान, मग आगगाडी, मग जीप. तिथे पोचल्यावर भंवरसिंग नावाचे व्यवस्थापक पगडी बांधून उभे होते. त्यांनी आमच्या कपाळाला टिळा लावला, हातात काकडीचे पाणी दिले आणि मला माझा तंबू दाखवला. अक्का, तंबूत झुंबर होते. वारा सुटला की कापड हलायचे आणि झुंबर किणकिणायचे, की मी तास संपला समजून उठायची. पलंग एवढा मोठा की आपण चौघी बहिणी आणि आई, सगळ्या आडव्या मावलो असतो आणि भांडण झाले नसते. उशांचे एक छापील कार्ड होते, त्यातून पाच प्रकारांपैकी उशी निवडायची. (मी सर्वांत पातळ मागितली. ती संपली होती.) पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवलेला होता. मी तो सोडवून घडी घातली. संध्याकाळी परत हत्ती. मी पुन्हा घडी घातली. दुसऱ्या दिवशी दोन हत्ती. तेव्हा मी ओळखले की समोरचाही माणूस शिस्तीचा आहे, आणि विषय सोडला. जेवणात ‘पारंपरिक मिलेट ब्रेड’ लिहिले होते, ती आपली बाजरीची भाकरी निघाली, तळहाताएवढी. आईने एवढी भाकरी फक्त कावळ्यासाठी केली असती.

पहिल्या दिवशी जीपमधून वाळूच्या टेकड्यांवर वरखाली नेतात. त्याला साहस म्हणतात. आमच्याबरोबर इंदूरचे एक जोडपे होते, ते ओरडत होते. मी त्यांना पाठ सरळ ठेवायला सांगितले. ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, ‘माताजी, डर तो नहीं लग रहा?’ मी म्हटले, बाबा रे, मी संध्याकाळी सहा वाजता द्वारका चौक पायी ओलांडलेली बाई आहे, तू पुढे बघ. तो पुढे बघू लागला. जीपचा धक्का गुडघ्याला काही लागला नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे जे झाले त्याचा दोष लोक जीपला देतील.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे कराराच्या दिवशी, मी सवयीने पाच वाजता उठले. उजाडताच बाहेर येऊन पाहते तर काय, आठ तंबू आणि एकाचीही दोरी ताठ नाही! पाळण्याच्या दोऱ्यांसारख्या लोंबत होत्या. आमच्या शिबिरात अशा दोऱ्या दिसल्या असत्या तर त्या तुकडीला मी आठवडाभर भांडी घासायला लावली असती. आसपास कोणी दिसेना. हातोडी माझ्याजवळ होतीच. एका तंबूला सात दोऱ्या. प्रत्येक दोरीशी उकिडवे बसायचे, खुंटी ठोकायची, दोरी ओढायची आणि आपली शिबिराची गाठ मारायची. ती गाठ ओढावी तशी आवळत जाते, शिकल्याशिवाय सुटत नाही. मी आठही तंबू केले. सूर्य वर आला तेव्हा तंबू असे ताठ उभे होते की तहसीलदाराने येऊन पाहणी करावी. मला फार दिवसांनी बरे वाटले.

साडेआठ वाजता चहाची घंटा झाली आणि कोणीही बाहेर आले नाही. मला वाटले, आळशी लोक. मग इंदूरच्या तंबूतून आवाज आला, ‘अरे भाई, चेन नहीं खुल रही!’ मग शेजारच्या तंबूतून. मग सगळ्याच. झाले असे होते की तंबूचे दार मोठ्या चेनचे, आणि कापड इतके ताणले गेल्यामुळे चेन एका जागी चावून बसली होती. (भंवरसिंगांनी नंतर सांगितले की वाळवंटात दोऱ्या मुद्दामच सैल ठेवतात. हे एखाद्या पाटीवर लिहायला हरकत नव्हती. उशांचे कार्ड छापतात.) भंवरसिंग पगडीशिवाय धावत आले. इंदूरच्या गृहस्थांनी कापडाखालून डोके बाहेर काढले, पुढचे काही निघेना. आणि तिसऱ्या तंबूतून सृष्टीचा शांत आवाज आला, ‘आई, तुम्ही बाहेर आहात ना? मग हे तुम्हीच केलंय.’

मी शिट्टी वाजवली. सर्वांनी पलंगावर बसावे, चेन ओढू नये, असे हिंदीतून जाहीर केले आणि भंवरसिंगांच्या माणसांना दोऱ्या सोडायला सांगितले. सुटेनात. सहा धडधाकट माणसे, पण माझी गाठ एकालाही सुटेना, याचा मला त्या परिस्थितीतही थोडा अभिमान वाटला. एकाने सुरी आणली. मी म्हटले, दोरी कापायची नाही, दोरी कापतो तो अडाणी. मग काय, पुन्हा मीच प्रत्येक खुंटीशी उकिडवी बसले. आठ साते छप्पन्न. बांधताना छप्पन्न आणि सोडताना छप्पन्न. लोक एकेक करून बाहेर आले. कोणी मला चहा विचारला नाही. दुपारभर मी पलंगावर पुस्तक वाचत पडले होते. (कुठले पुस्तक ते विचारू नकोस.)

संध्याकाळी टेकडी. वाळूवर चढणे हा अप्रामाणिक प्रकार आहे. दोन पावले वर टाकावीत तर दीड पाऊल खाली येते. अश्विन आणि सृष्टी पुढे गेले. मी साधारण एक तृतीयांश चढ व्यवस्थित चढले आणि वाळूचे निरीक्षण करण्यासाठी खाली बसले. निरीक्षण बराच वेळ चालले. तिथे सवाईराम नावाचे एक उंटवाले आपला उंट घेऊन उभे होते. उंटाचे नाव लाडू. हा लाडू गुडघे टेकून बसला, उठला, पुन्हा बसला. उठताबसताना तो असा कण्हतो की अगदी घरच्यासारखे वाटले, पण बसतो आणि उठतो. गुडघ्यांना चांगले जाड घट्टे. मी त्या गुडघ्यांकडे किती वेळ पाहत होते कोण जाणे. सवाईरामांनी लाडूला आणखी एकदा बसवले. समजूतदार माणूस.

थोडक्यात, सूर्य बुडायला चार बोटे उरला असताना मी माथ्यावर होते. सोबत फोटो जोडला आहे. मागे सूर्य, पुढे मी, पदर खोचलेला. हा फोटो दाजींना दाखव, आणि गावात ज्यांना ज्यांना माझ्या गुडघ्याची काळजी आहे त्या सर्वांना दाखव. फोटो बोलतो, मी अधिक काय लिहू?

पायमोज्यांचे विसरू नकोस. मोठ्यांना जयभीम, लहानांना अभ्यास करायला सांग.

तुझी धाकटी,
सुला

ता. क. फोटोत डाव्या हाताला वाळूवर जी लांब मानेची सावली पडली आहे ती लाडूची आहे. तिच्याकडे लक्ष देऊ नये.

ता. क. दुसरा. फोटो दाखवायच्या आधी हे वाचशील म्हणून लिहिते. मी लाडूवर बसून वर गेले. करारात ‘कोणाचाही हात न धरता’ एवढेच होते आणि उंटाला हात नसतात, असा मुद्दा मी वाटेत तयार ठेवला होता. (असली उत्तरे लिहिणाऱ्या मुलांना मी जन्मभर शून्य दिले.) पण माथ्यावर लाडू बसला आणि मला उतरता येईना. पाय जमिनीला लागेना, गुडघा वाकेना, आणि खाली सगळे इंदूर बघत होते. सृष्टी जवळ आली, तिने हात पुढे केला, आणि मी तो धरला. घट्ट धरला. खाली उतरल्यावरही बराच वेळ सोडला नाही. तिने माझ्या पदरावरची वाळू झटकली आणि कराराचा शब्द काढला नाही. परतीच्या गाडीत ते पान मीच पर्समधून काढून तिच्या हातात दिले. अशा सुनेला फसवता येत नाही. माझाही एक नियम आहे.

ता. क. तिसरा. ऑपरेशन तेवीस तारखेला आहे. उजवा गुडघा. अश्विन आणि सृष्टी दोघांनी रजा टाकली आहे, सगळी व्यवस्था आहे, कशाची गरज नाही. फक्त शुद्धीवर येताना समोर कोणीतरी असे हवे ज्याच्यापुढे मला मुख्याध्यापिका असल्यासारखे वागावे लागणार नाही. तसे एकच माणूस आहे आणि ते सिन्नरला राहते. तुझ्या वेळी मी एकच दिवस आले आणि तोही तुझे मसाल्याचे डबे नव्याने लावण्यात घालवला. तू ते बोलून दाखवणार नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून मीच लिहिले. वीस दिवसांचे कपडे आण. खिडकीकडचा पलंग तुझा. दाजींना तपकिरीसकट आणलेस तरी मी काही म्हणणार नाही. (पहिला आठवडा.)

ता. क. चौथा. वॉकर भंगारात दिला नाहीस ना? देऊ नकोस. येताना बसमध्ये घेऊन ये. द्वारकाला अश्विन घ्यायला येईल. त्यावरचे टॉवेल तेवढे काढून ठेव.