काढून ठेवलेलं फाटक

दि. ९ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

परवा दुपारी दवाखान्यातल्या नर्सबाई बंद पडलेली इलेक्ट्रिक स्कूटर ढकलत माझ्या दारात आल्या, म्हणून हे पत्र. फोनवर तू माझं बोलणं हसण्यावारी नेतोस. कागदावर तुला मध्येच तोडता येणार नाही.

तुझ्या मुलीचा निकाल कळला. तिला शाबास म्हणावं. माझा गुडघा ठीक आहे.

आता मुद्द्याचं. नर्सबाई तुझ्या लॉजवर चार्जिंगला गेल्या, तर फाटकाला कुलूप. वर पाटी, ‘फक्त लॉजच्या ग्राहकांसाठी’. वॉचमन म्हणाला, मालकांना विचारा. त्यांनी तुला फोन केला आणि तू म्हणालास, “खोली घ्या, मग खुशाल चार्ज करा.” पलीकडच्या वस्तीवर एका आजींच्या पायाची जखम त्या रोज धुतात. स्कूटर माझ्या अंगणात लावून त्या तिथे चालत गेल्या. निघताना एवढंच म्हणाल्या, “बाई, अर्जावर पहिली सही माझी होती.”

लहान गावांत सार्वजनिक चार्जिंगसाठी सरकार अनुदान देतं, हे वर्तमानपत्रात मी वाचलं. वाचनालयाच्या नावाने अर्ज करून त्याचंच अंगण मी सुचवलं. गुडघा धरून लोकांचे जिने चढले, सह्या गोळा केल्या. ऐन वेळी तू आलास. “ताई, वाचनालयाची लाइन एवढा भार घेणार नाही. माझ्या लॉजपुढची जागा घे. गावाचीच समज.” मी समजले. काल वायरमनला विचारलं, तर तो म्हणाला, “वाचनालयाची लाइन बघायला मला कुणी बोलावलंच नाही, बाई.”

म्हणजे तू पहिल्या दिवसापासून खोटं बोलत होतास.

योजनेची मुख्य अट तुला पाठ आहे: जागा चोवीस तास, सर्वांना खुली. तपासणीच्या दिवशी अनुदान कार्यालयाच्या साहेबांनी विचारलं, “इथे फाटक वगैरे नाही ना?” तू छाती फुगवून म्हणालास, “गावाच्या जागेला फाटक कशाला, साहेब?” त्यांनी फोटो काढले. अर्ज वाचनालयाचा, म्हणून जागा खुली असल्याच्या दाखल्यावर सचिव या नात्याने सही मी केली. दुसऱ्या दिवशी फाटक जागेवर.

इथवर लिहून मी उठले होते. चहा केला, तो तसाच निवला. उरलेलंही लिहायलाच हवं.

त्या दिवशी साहेब यायच्या आधी मी हात धुवायला मागच्या नळावर गेले होते. फाटक भिंतीला टेकवलेलं होतं, वर तुझ्या लॉजची चादर. खालून चाकं दिसत होती. रंगवायला काढलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मला तेव्हाच कळलं होतं.

तू आठवीत, माझ्याच वर्गात शिकत असताना मी तुला कॉपी करताना पकडलं आणि वर्गाबाहेर उभं केलं. आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. “सख्ख्या भावाला तरी सोडायचंस,” म्हणाली. नोकरीत नंतर कुणालाच सोडलं नाही. निवृत्तीनंतर, त्या नळापाशी, तुला सोडलं. तू मला फसवलंस, हे खरं. पण नर्सबाईंना आपण दोघांनी फसवलं.

फाटक काढ, असं मी आता तुला सांगणार नाही. ते सांगायला कार्यालयातून माणसं येतील. त्यांना सोबत घेऊन माझी समजूत घालायला येऊ नकोस. एकटा आलास तर दार उघडं आहे.

आज सकाळी अकरा वाजता अनुदान कार्यालयात पुढील कागद मी स्वतः दिले व पोच घेतली: वाचनालयाच्या अंगणाचा मूळ नकाशा, कुलूप आणि पाटीसह फाटकाचे दोन फोटो, आणि माझं एक पानी निवेदन. त्याचं पहिलं वाक्य: ‘सही करण्यापूर्वी मी फाटक पाहिलं होतं.’ सचिवपदाचा राजीनामा आणि वाचनालयाच्या किल्ल्या परतताना अध्यक्षांच्या हाती दिल्या.

पोचपावतीची प्रत सोबत जोडली आहे.

तुझी,
ताई