मी यांच्यातली नाही

शेंदूरजनाघाट,
नोव्हेंबर २००६

प्रिय निखत,

कॉन्व्हेंटात आठवीत शेवटच्या बाकाखाली आपण आमच्या बागेतलं संत्रं सोललं होतं, आठवतं? साली तू स्वेटरच्या खिशात कोंबल्यास, पण वास कुठे कोंबणार? सिस्टर फूटपट्टी घेऊन एकेकीची बोटं हुंगत आल्या. मी अकोल्याला तुझ्याकडे आले की आपण त्या दिवसावर हसतो. मी मात्र अर्धंच हसते, तुझ्या कधी लक्षात आलं का?

गेल्या डिसेंबरातलं तू पेपरात वाचलंच असशील. तिकडे परदेशात जागतिक व्यापाराच्या वाटाघाटी चालल्या होत्या. इथे बाजारात स्टिकर लावलेली परदेशी फळं मांडली होती आणि आमच्या बागांकडे व्यापारी फिरकेना. म्हणून तिवस्याजवळ नागपूर रोडवर संत्री ओतायची ठरली. माझ्याबरोबर पार्बताबाई होती, वीस वर्षं आमच्या बागेत तोडणीला येणारी. मी रेंगाळले तर म्हणाली, "कावून मांगं मांगं राहून राहिल्या, बाई? पोलीस काय खाऊन टाकतीन तुमाले? खाल्लं त संत्रंच खातीन!" सगळ्या बाया खदखदून हसल्या.

तेवढ्यात शिट्टी वाजली आणि लाठ्या सुरू झाल्या. पळावं तर पाय संत्र्यांवरून घसरत होते. पार्बताबाईने माझा हात घट्ट धरला होता. समोर शिपाई, लाठी उगारलेली. निखत, मला मराठी सुचेना. "प्लीज सर, आय ॲम नॉट विथ देम." शाळेतल्यासारखं स्वच्छ, न अडखळता. लाठी वरच थांबली. "मॅडम, बाजूला व्हा." मी हात सोडवून घेतला आणि बाजूला झाले. मग ती लाठी तिच्या मनगटावर उतरली. तो आवाज अजून कानात आहे. फाटकाशी जीप थांबली तरी मी दाराची कडी चाचपते.

तिच्यावर दगडफेकीचा खटला भरलाय. तिच्या हातात दगड नव्हता, माझा हात होता. हे सांगणारी मी एकटीच.

उद्या अमरावतीच्या कोर्टात माझी साक्ष आहे. साध्या कपड्यातला एक माणूस दोनदा बजावून गेला, "मॅडम, तुम्ही यांच्यातल्या नाही. घरी बसा, नाहीतर तुमचंही नाव घालावं लागेल." भीती वाटते, निखत, खूप. त्या दिवशी सिस्टरसमोरही मी "इट वॉज नॉट मी" म्हणाले होते आणि माझ्या वाटच्या पट्ट्याही तू खाल्ल्यास. चाळीस वर्षांत माफी मागितली नाही, ती आज मागते. आणि मी परत आले नाही, तर एवढं बघ. किल्ली शेजारच्या रामरावांकडे आहे. विहिरीजवळच्या झाडांच्या दोन ओळी पार्बताबाईच्या, सही केलेला कागद कपाटात आहे. शाळेचा फोटो तुझ्या नगमाला दे, आईच्या दोन वेण्या बघू दे तिला. तुझ्यासाठी संत्र्यांची पेटी एसटीने पाठवली आहे. सोलल्यावर लगेच हात धुऊ नकोस.

तुझीच,
रागिणी