बारा घराण्यांत तुमचं कितवं

दिग्रस,
१४ डिसेंबर २००६

ती. पेणकरकाका यांस,

धम्मरत्नचा सविनय जयभीम. तुमचं ठाण्याचं घर, तुमचे गुडघे आणि फ्लोराकाकूंचा रक्तदाब ठीक असावा अशी आशा आहे. इकडे मी, साधना आणि बाबा बरे आहोत. बाबांना आता कमी ऐकू येतं, पण कापसाची गाडी रस्त्यावरून गेली की अजून वळून बघतात. (तीस वर्षं सरकारी कापूस खरेदी केंद्रावर हमाली केलेल्या माणसाचं वळून बघणं कधी निवृत्त होत नाही.)

तुमचं कार्ड मंगळवारी मिळालं. त्यात तीनच वाक्यं आहेत. 'पत्रक पोचलं. भाषा चांगली आहे. जगाचा कापूस ताब्यात ठेवणाऱ्या बारा यहुदी घराण्यांत आमचं कितवं ते कळवावं, म्हणजे पेन्शनच्या कागदात तशी दुरुस्ती करून घेतो.' मी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग साधनाला दिसू नये म्हणून शब्दकोशात ठेवलं. तिने शब्दकोश त्याच दिवशी उघडला. एरवी वर्षभर उघडत नाही.

झालं ते असं. इथे कापूस परिषद भरणार होती. इंद्रजित (माझा मित्र, परिषदेचा चिटणीस, पत्रकावर माझं नाव छापून मोकळा झालेला) म्हणाला, निवडणुकीला पैसा पुरवणारे कोण आणि पुढे तो पैसा कुठून वसूल करतात, यावर लिहा. विषय बरोबर होता. मी एका बैठकीत दोन पानं लिहिली. ती जिनिंगवाल्या भगवानरावांवर होती. भगवानरावांनी नव्व्याण्णवच्या निवडणुकीत जिंकलेल्या उमेदवाराला जीपगाड्या आणि पैसा दिला, आणि निकालानंतर खरेदी केंद्र बाजार समितीच्या आवारातून उठून त्यांच्या सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात गेलं. गाड्या तीन-तीन दिवस रांगेत उभ्या राहू लागल्या. कंटाळलेल्या शेतकऱ्याकडून त्यांचीच माणसं पडत्या भावात माल घेऊ लागली. हे साऱ्या दिग्रसला माहीत आहे. तुम्हाला तर जास्तच, कारण त्यांच्या माणसांनी दिलेल्या चिठ्ठीप्रमाणे कापसाला प्रत लावायला केंद्राचे ग्रेडर म्हणून तुम्ही नकार दिलात आणि त्याच महिन्यात तुमची पांढरकवड्याला बदली झाली.

दोन पानं लिहून झाल्यावर मला आठवलं की मी ज्या कॉलेजात मराठी शिकवतो त्या संस्थेचे अध्यक्ष भगवानरावच आहेत. (आठवलं हा शब्द खोटा आहे. पगाराच्या कागदावर त्यांचीच सही असते.) मी पानं फाडली. पण पत्रक तर द्यायचं होतं, आणि कोणीतरी दोषी हवं होतं. यवतमाळच्या बसस्टँडवर घेतलेली एक हिंदी पुस्तिका घरात पडली होती. मुखपृष्ठावर पृथ्वीला मिठी मारलेला आठ पायांचा प्राणी, जो आपल्या जिल्ह्यात कोणी पाहिलेला नाही. आत लिहिलं होतं, की सगळ्या जगाच्या बाजाराला यहुद्यांची बारा घराणी पडद्याआडून नाचवतात. पुरावा काय, तर ते कधीच समोर येत नाहीत. मला हे पटलं असं म्हणणार नाही. मला ते सोयीचं वाटलं, म्हणून तेच पत्रकात उतरवलं. समोर न येणारा माणूस पगाराच्या कागदावर सही करत नाही.

तुम्ही विचाराल, लिहिताना मी आठवलो नाही का? काका, इथे मला सर्वांत जास्त लाज वाटते. तुम्ही यहुदी आहात हे मला आठवीपासून माहीत आहे. बाबांना उशिरा कळलं. तुम्ही शनिवारी, तुमच्या विश्रांतीच्या दिवशी, केंद्रावर येत नसा, म्हणून त्यांना कित्येक वर्षं वाटत होतं की तुम्ही शनीचं व्रत करता. (छप्पन साली दीक्षा घेतलेला माणूस. घरी येऊन हळहळायचे, 'एवढा शिकेल साहेब, अन् शनीच्या नादी लागला.') मी मात्र तुमच्या नव्या वर्षाला काकूंच्या हातचा गव्हाच्या चिकाचा हलवा खाल्ला आहे, तुमच्याकडे नवसाच्या मलिद्याच्या ताटाशी बसलो आहे. तरी पुस्तिकेतले यहुदी एका खोलीत आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत, आणि मधल्या दाराला मीच कडी लावलेली. इतकी घट्ट, की त्याच पत्रकाच्या शेवटी 'कापसाच्या प्रतवारीच्या माहितीबद्दल श्री. एलायजा पेणकर यांचे आभार' असं मीच छापलं. त्या आभारांमुळेच इंद्रजितने तुम्हाला प्रत पाठवली.

कोणी आमच्याबद्दल 'तुमच्या लोकांचं असंच असतं' म्हणालं, तर मी वर्तमानपत्राला चार पानी पत्र लिहितो. एकूण तीन लिहिली आहेत. त्यांतलं एक मी वर्गातही वाचून दाखवतो.

पुढचं ऐका. पत्रक वाटलं त्याच्या दुसऱ्या दिवशी भगवानरावांचा निरोप आला. मी गेलो. ते खुर्चीतून उठून आले आणि माझा हात हातात घेतला. म्हणाले, 'सर, जबरदस्त लिहलं. या यहुद्याइनंच वाटोळं केलं आपल्या कास्तकाराचं. पाच हजार छापा, बिल माह्याकडं पाठवा.' मग चहा आला आणि त्यांनी खरंच कुतूहलाने विचारलं, 'पन हे लोकं राह्यते कोठी?' तुम्ही त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर अकरा वर्षं राहिलात. मी म्हणालो, बाहेर देशात. आणि चहा प्यायलो. साखर जास्त होती, तेही बोललो नाही.

ज्याच्यावर लिहायचं तोच ते फुकट वाटायला निघतो, तेव्हा त्या लिखाणाची प्रत काय, हे सांगायला ग्रेडर लागत नाही. तिथून मी प्रेसवर गेलो आणि पुढची छपाई थांबवली. भगवानरावांना कळवलं की मजकुरात चुका आहेत. त्यांचं उत्तर आलं, 'चुका कोन पाह्यते?'

मला तुमचं केंद्रावरचं काम आठवतं. दुसरे ग्रेडर गाडीवाल्याला गाव विचारत आणि गाव ऐकून प्रत सांगून मोकळे होत. अमुक गावाचा, म्हणजे कवडी, किडका पिवळा कापूस, असणारच. तुम्ही खांद्यापर्यंत हात घालून गाडीच्या पोटातला कापूस काढायचात, दोन अंगठ्यांत धरून धागा ओढायचात, आणि मगच बोलायचात. एकदा त्या गावाच्या गाडीत खरोखरच कवडी निघाली. बाकीचे हसले, पाहा, आम्ही म्हणत नव्हतो? तुम्ही म्हणालात, 'या गाडीत निघाली. गावात नाही निघाली.' तेव्हा मी बाराएक वर्षांचा असेन. ते वाक्य मला पाठ होतं. पाठ असणं आणि कळणं यांतला फरक मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो.

भगवानरावांबद्दल जे सांगायचं ते त्यांनी काय केलं, कधी केलं आणि त्यातून काय मिळवलं, एवढ्यात संपतं. त्यांची जात लागत नाही, देव लागत नाही, आठ पायांचा प्राणी लागत नाही. पैसेवाल्याने निवडणूक विकत घेतली, असं तारीख देऊन म्हणावं. तारीख नसली की माणूस वंशावर जातो. माझ्याकडे तारखा होत्या, म्हणून माझा गुन्हा पुस्तिका लिहिणाऱ्यापेक्षा मोठा.

मला क्षमा करा असं लिहिणार होतो. पण तसं लिहिलं की ती देण्याचं कामही तुमच्याच गळ्यात पडतं. बाबांचा तुम्हा दोघांना जयभीम. त्यांना मी काही सांगितलेलं नाही.

तुमचा,
धम्मरत्न उकंडा मनवर

ता. क. तुमच्या रोजच्या डायऱ्या अजून जपलेल्या असतील. नव्व्याण्णव सालची हवी आहे. केंद्र कधी हललं, चिठ्ठ्या कोणी आणल्या, तुमची बदली कधी झाली. नवं पत्रक काढतो आहे, फक्त भगवानरावांवर. एक विनंती सुचवावीशी वाटते. मी कॉलेजात आहे. तुम्ही निवृत्त आहात, आणि ठाण्यापर्यंत त्यांचा हात पोचत नाही. तेव्हा पत्रक तुमच्या नावाने काढलं तर? विचार करून कळवावं.

ता. क. २. पाकीट चिकटवायच्या आधी साधनाने पत्र वाचलं. म्हणाली, 'म्हंजे आंधी त्याइच्या आडून भगवानरावाले वाचवलं, आता त्याइच्याच आडून सोताले वाचवून राह्यले.' आणि भाकऱ्या थापायला गेली. भाकऱ्यांचा आवाज अजून येतो आहे.

वरचं ता. क. मी खोडलेलं नाही. गाडीत कवडी असली तर ती तळाशी दडवायची नाही, असं तुम्हीच सांगायचात. पत्रकावर नाव माझंच राहील. तुम्ही फक्त तारखा पाठवा, आणि या पत्राला प्रत लावून कळवा. उकंडाचा मुलगा म्हणून सूट देऊ नये. गाडी बघावी.