शकुंतलाबाईंच्या झाडाखालची जाळी

पळसटोला, ता. देवरी
२० मार्च २०२५

चि. प्राचीस,
देवानंदमामाचे अ. आ. वि. वि.

आजीचा फोन लागत नाही, ही तुझी तक्रार तुझ्या आईकडून कळली. तो लागणार नाही. तो तांदळाच्या कोठीत आहे. मंगळवारी तू आजीला जे सुनावलंस ते ऐकून तिने फोन बंद केला, फडक्यात गुंडाळला आणि कोठीत कोपरभर खोल खुपसला. ज्याला आपल्यावर ओरडायचं असेल त्याने लिहून पाठवावं, जेवणं झाल्यावर देवानंद वाचून दाखवील, असा तिचा निकाल आहे. माझाही फोन कोठीत जाऊ नये म्हणून मी तो शाळेतच ठेवून येतो. मला विचारशील तर हे बरं झालं. फोनवर ओरडणाऱ्याला वाक्य पूर्ण करावं लागत नाही. पत्रात क्रियापदापर्यंत पोचावंच लागतं, आणि तिथे पोचेतो निम्मा राग ओसरतो. इतकी वर्षं संस्कृत शिकवून मला एवढंच कळलं.

घडलं ते असं. मोहफुलांचा हंगाम सुरू झाला आणि आजी नेहमीसारखी अंधारात टोपलं घेऊन नाल्यापलीकडे गेली. खोडाच्या अलीकडे ती वेचत होती, पलीकडे अस्वल. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. तिच्या म्हणण्याप्रमाणे अस्वल सभ्य होतं. ती खोकली, त्याने मान वर केली, आणि ते आपल्या वाटेने गेलं. उद्यापासून घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं तू म्हणालीस ना? एवढा अपमान अस्वलाने केला नव्हता, असं ती शेजारच्या मंदाबाईपासून पोस्टमनपर्यंत सर्वांना सांगते आहे.

मी माझ्या परीने उपाय केला. दुसऱ्या पहाटे तिच्या नकळत, अंतर राखून मागे गेलो. वाळलेल्या पाल्यावर माझे पाय वाजले. तिने मागे वळून न पाहता टोपलं भिरकावलं. नेम चांगला आहे. कपाळावरचं टेंगूळ पाहून नववीच्या वर्गाने मला कारण विचारलं, तेव्हा मी त्यांना विभक्ती शिकवायला घेतली.

गंमत पुरे. मागच्या हंगामात पलीकडच्या वस्तीतल्या एका बाईचा हात अस्वलाने कायमचा निकामी केला. प्रत्येक अस्वल सभ्य असेलच असं नाही. आजीला थांबवता येत नाही आणि जाऊ देववत नाही, अशा पेचात मी आहे. तुला काही सुचत असेल तर लिही.

मधूकवृक्षाला आपण मोह म्हणतो, यावर कोटी करण्याचं मी टाळलं आहे. याची नोंद व्हावी.

कळावे. लोभ आहेच, तो ओरडण्यात फार खर्च करू नये.

तुझा,
देवानंदमामा

तिरोडा
२४ मार्च २०२५

ती. देवानंदमामांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आईला वाचून दाखवलं, ती टोपल्यापाशी इतकी हसली की पुढचं तिने ऐकलंच नाही. मला मात्र हसू आलं नाही. तुम्ही अस्वलाचं कळवलंत तेव्हा मी लॅबमध्ये होते. हातातला रक्ताचा नमुना तसाच ठेवून मी आजीला फोन लावला. ओरडले ते त्या घाईत.

मामा, मी उपाय शोधला आहे. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. काही गावांत मोहाखाली जाळी बांधतात. फुलं रात्रभर जाळीत पडतात, बाई उजाडल्यावर निवांत जाऊन उचलून आणते. अंधारात जायला नको, फुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळायला नको. गोंदियाच्या बाजारातून मी हिरवी जाळी आणलीसुद्धा.

पाडव्याला आजी चिचगडच्या मावशीकडे जाणार आहे ना? त्याच दुपारी मी आणि माझी मैत्रीण टीना येतो, जाळी बांधतो आणि परत फिरतो. दुसऱ्या दिवशी आजी जाऊन बघेल तर फुलं जाळीत तयार! आपलं झाड माझ्या लक्षात आहे. नाल्यापलीकडचं, खाली वाकलेल्या फांदीचं. लहानपणी मी त्या फांदीवर बसून डबा खाल्ला आहे. आजीला आधी सांगितलं तर ती नाही म्हणेल, म्हणून तुम्ही काही बोलायचं नाही. शपथ.

मामीला नमस्कार. टेंगळाला हळद लावावी.

आपला लोभ आहे तसाच वाढता ठेवावा.

आपली,
प्राची

पळसटोला
१ एप्रिल २०२५

चि. प्राचीस,
अ. आ. वि. वि.

तुझी जाळी उत्तम आहे. गाठीही पक्क्या आहेत. झाड तेवढं शकुंतलाबाईंचं आहे.

यात तुझा दोष अर्धाच. तू शपथ घातलीस, मी ती पाळली, आणि पाडव्याच्या दुपारी पुरणपोळी खाऊन झोपलो. बरोबर आलो असतो तर शंभर पावलांवरूनच तुला हाक मारली असती. आपल्याकडे मोहाच्या झाडांवर पाटी नसते, खूण नसते, पण कोणतं झाड कोणत्या घराचं हे रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. आजीचं झाड त्या वाकलेल्या फांदीच्या दोन झाडं पुढे. तू त्या फांदीवर डबा खाल्लास कारण त्या काळी शकुंतलाबाई आणि आजी एकाच सावलीत बसून खात असत.

दुसऱ्याच्या झाडाखाली जाळी बांधणं म्हणजे या गावात दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत नांगर घालणं. सोमवारी सकाळी शकुंतलाबाई आमच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. तुला माहीत नसेल, दोन वर्षं झाली, या दोन घरांत बोलणं नाही. त्यांच्या बकरीने आजीची वाळत घातलेली फुलं खाल्ली होती, आणि बकरीला नि मालकिणीला दोघींनाही वळण नाही, असं आजी चारचौघांत म्हणाली होती. तर त्या उभ्या राहिल्या आणि थेट आजीकडे न बघता, तुळशीकडे बघून म्हणाल्या की आता बुढ्ढीले आपलं झाड बी पुरून नाई राहिलं काय, आमच्या झाडाखाली कायले जाळं टाकलं.

आजीला कशाचाच पत्ता नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तुळशीला पाणी घालायला घेतलं.

नंतर सगळं उलगडलं तेव्हा आजी जाळीवर रागावली नाही. तिचा राग एवढाच की तिला कोणी विचारलं नाही. तिचे शब्द असे की, झाड माहं, पाय माहे, जीव माहा, आन् ठरवून राहिले तुमी दोघं.  याचं उत्तर मला नको, तिला लिही. कारण आज ती रोजच्यापेक्षाही आधी, मला चुकवून निघून गेली. उन्हं वर आल्यावर परतली. पातळ गुडघ्यापर्यंत ओलं, आणि काय झालं ते सांगायला तयार नाही.

मी शाळेत गेलो नाही. अंगणात बसून होतो. एवढं सांगितलं म्हणजे बाकीचं तुला कळेल.

लोभ असू दे, आणि या खेपेला शपथ नको.

तुझा,
देवानंदमामा

तिरोडा
४ एप्रिल २०२५

ती. आजीस,
प्राचीचा शि. सा. नमस्कार.

मामा, हे जेवण झाल्यावर जसंच्या तसं वाचा, आणि मधे काही सुधारू नका.

आजी, माझं चुकलं. झाडाचं चुकलं ते वेगळं. तुला न विचारता तुझं भलं करायला निघाले, ते जास्त चुकलं. तुला काही झालं तर मी काय करू, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुझ्या डोक्यात काय आहे हे मी कधी विचारलंच नाही. आता विचारते. तू अंधारात का जातेस? एकटी का जातेस? तुला भीती वाटते का? तू सांगशील ते मी पूर्ण ऐकेन आणि मग माझं बोलेन. मला अजूनही वाटतं की एकटीने जाऊ नये. ते मी मागे घेत नाही.

आणि मामा, शकुंतलाआजींनाही माझा नमस्कार सांगा. त्यांचं झाड मी ओळखलं नाही, पण फांदी ओळखली होती. त्यांनी मला तिथे आंबील दिली होती, तेही आठवतं.

माझ्यावरचा लोभ कोठीत ठेवू नये, ही विनंती.

तुझी,
प्राची

पळसटोला
८ एप्रिल २०२५

प्राचीले बायजाबाईचा आशीर्वाद.

(आजी सांगते आहे, मी लिहितो आहे. शुद्ध करायची मनाई आहे. दे.)

तुया कागद आयकला. दोनदा आयकला. अंधारात काऊन जातेस, असं इतक्या सालात कोनी इचारलंच नोहोतं. सारे नको जाऊ, नको जाऊ म्हनते.

फूल अंधारातच पडते, पोरी. उजेड झाला का गाई येते, बकऱ्या येते, माकडं येते. मांगं मी आन् शकुंतला संगच जावो. ती तिकडं वेचे, मी इकडं वेचो, आन् दोघीचं तोंड काही बंद नाई राहे. दोन बाया बोलत राहिल्या का अस्वल दुरूनच पलटते. मंग ते बकरीचं झालं. दोघी अलग अलग जाऊ लागलो. एकटी मी बोलू कोनासंग? म्हनून त त्या अस्वलाले समजलंच नाई का मी आहो. आन् भेव वाटते काय म्हनून इचारलं, त वाटते. पातळ भिजलं त्या दिवशी नाल्यात पाय घसरला, बसून राहिली, आवाज द्यायले कोनी नोहोतं. हे देवानंदाले आताच समजून राहिलं, त्याचं तोंड पाहा.

(पाहण्यासारखं काही नाही. दे.)

त्यानं तुया कागद शकुंतलाले बी नेऊन वाचला, आपल्या मनानं. संध्याकाळी ती आली. उभीच राहिली. म्या इचारलं, बकरी कशी आहे. इकली म्हने. म्या म्हनलं, बकरी चांगली होती. मंग ती बसली. चहा झाला. झालं, मिटलं.

आता जाळीचं. फुलं साफ राहते, रेती लागत नाई. गोस्ट चांगली आहे. पन तुवा बांधली गाईच्या तोंडाशी. छातीइतकी उंच बांधा लागते, लाकडाच्या बल्ल्या गाडून. आमी दोघींनी ठरवलं आहे. दोघींच्याही झाडाले जाळी. उजेड फुटल्यावर जाऊ, संग जाऊ. नाल्याच्या काठचं एक झाड बिनजाळीचं ठेवू, ते अस्वलाचं. त्याले बी हंगाम आहे.

मोबाइल कोठीतून काढला. घरून निघताना एक बार लावीन, आल्यावर एक बार लावीन. उचलाचा. इतवारी ये, झाडं दाखवतो. आन् मामाच्या झोपेच्या भरवशावर येऊ नको.

बायजाबाई

पळसटोला
१५ एप्रिल २०२५

चि. प्राचीस,
अ. आ. वि. वि.

रविवारी तू ज्या आत्मविश्वासाने पाच झाडांची घरं चुकीची सांगितलीस, तो पाहून मला माझे विद्यार्थी आठवले. पण बल्ल्या मात्र तू सरळ गाडल्यास, हे आजी सगळ्यांना सांगते आहे. मंदाबाई आणि आणखी दोघी जाळीचा भाव विचारून गेल्या. उंची किती ठेवायची यावर आजी आणि शकुंतलाबाई त्यांना व्याख्यान देतात, आणि दोघींची मापं वेगवेगळी आहेत.

तू बसमध्ये चढल्यावर शकुंतलाबाई माझ्याशी बोलल्या ते कळवायचं राहिलं. त्यांचं म्हणणं, जाळी पोरीनं बांधली ते वाकलेल्या फांदीचं झाड त्यांच्याच घरचं राहील, पण दर हंगामात त्याचं पहिलं टोपलं प्राचीनेच येऊन उचलावं, नाही तर त्या जाळी सोडून ठेवतील. याचा अर्थ नीट समजून घे. झाड मिळालेलं नाही, यायचं बंधन मिळालं आहे. या गावात त्याचीच किंमत जास्त.

आता आजचं. उजेड फुटल्यावर जायचं हे ठरलेलं विसरून आजीने पहाटे अंधारातच तुला फोन लावला. तू उचलला नाहीस. पुन्हा लावला, पुन्हा नाही. ‘निघते’ असं तुला सांगितल्याशिवाय पाऊल पुढे टाकायचं नाही, हा त्या दोघींनी स्वतःच केलेला नियम, म्हणून त्या अंगणासमोरच्या बांधावर बसल्या आणि तू उठेपर्यंत बोलत राहिल्या. बकरीपासून सुरू करून माझ्या टेंगळापर्यंत आल्या. मला अंगणात शब्द न् शब्द ऐकू येत होता, म्हणजे अस्वलालाही येत असणार. तू उचललास तेव्हा लख्ख उजाडलं होतं.

तेव्हा तुझी झोपही आजीच्या रक्षणाला उपयोगी पडते, असं दिसतं. तरी उद्या पहिल्या घंटेला उचल. माझ्याबद्दलचं त्यांचं बोलणं अजून संपलेलं नाही.

तुझ्या आईला आशीर्वाद. लोभ पहाटेपासून असावा.

तुझा,
देवानंदमामा