यजमानांची हरकत नाही

मी, शालन भीमराव ओव्हाळ, वय ६६, अविवाहित, धंदा कंपन्यांना फायनान्सचे वरिष्ठ अधिकारी शोधून देणे, राहणार स्वारगेटजवळ, पुणे, हे मृत्युपत्र माझ्याच अकलेने लिहीत आहे. कोणी धाक घातलेला नाही. मला धाक घालणारा माणूस पुण्यात अजून यायचा आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉ. धम्मदीप साळवे यांनी दिला आहे. तो मी इस्टेटीसाठी नव्हे, कलम चारसाठी घेतला.

१. राहता फ्लॅट भावाचा मुलगा अभिनव याला. तो हिंजवडीला आयटीत आहे. ‘आत्या, कॉलवर होतो गं,’ हे मी वर्षानुवर्षे ऐकते आहे. कॉल संपला की किल्ली घ्यावी.

२. मंडईजवळचे ऑफिस, सामानासह, माझी सहकारी जया हिला. एक लोखंडी कपाट वगळून. त्याचे पुढे येईल.

३. १९९३ साली कंपन्यांना फायनान्सचा मुख्य म्हणून बँकवाल्यांबरोबर उशिरापर्यंत बसणारा पुरुष लागे. मग आयटी आली, परदेशी भागीदार आले आणि वार्षिक अहवालाच्या फोटोत एक साडी हवीशी झाली. ‘एखादी लेडी बघा ना मॅडम, पण सांभाळून घेणारी.’ मी बायका शोधल्या आणि खुर्चीवर बसवल्या. त्याचा मला अभिमान होता. पण माझ्या फॉर्मवर एक रकाना होता: ‘यजमानांची हरकत नाही.’ तो कोणत्याही कंपनीने मागितला नव्हता, मीच छापून घेतला होता. बाईची निवड झाली की तिला न विचारता मी नवऱ्याला फोन करून तो भरत असे. पुरुषांच्या फॉर्मवर त्या जागी ‘छंद’ होता.

४. राजनंदिनी गावंडे, मूळची वर्ध्याची, सनदी लेखापाल. जुलै २००१ मध्ये एका आयटी कंपनीने तिला फायनान्स प्रमुख म्हणून निवडले. त्याच जागेसाठी तिचा नवरा माधव यानेही माझ्याकडे अर्ज दिला होता. तो मागे पडला होता. हे तिला ठाऊक नव्हते, मला होते. तरी मी रकाना भरायला फोन केला.

‘छे हो, हरकत कसली! पेढे घेऊन येतो,’ तो म्हणाला.

अकरा जुलैला तो पेढे घेऊनच आला. राजनंदिनी नेमणूकपत्रावर सही करून प्रत ठेवायला कपाटाशी गेली. त्याने तिचे मनगट धरले, हात कपाटाच्या चौकटीवर दाबला आणि त्याचे दार आपटले. तीनदा. बोटे मोडल्याचा आवाज मला पहिल्याच वेळी आला. माझ्या हातात कागदांना भोके पाडायचा लोखंडी पंच होता. तो त्याच्या डोक्यात घालता आला असता. मी नुसती उभी राहिले. पत्रावर रक्त सांडले, पेढ्यांवरही.

कंपनी म्हणाली, ‘बोभाटा नको.’ चौकीत मी लिहून दिले की तिने रागाच्या भरात स्वतःच हात चेमटून घेतला. दुसऱ्या दिवशी तिच्या जागेसाठी तीन पुरुषांची नावे पाठवली. माझ्याच कागदाच्या जोरावर माधवने कोर्टात तिला वेडी ठरवले आणि त्यांची सात वर्षांची मुलगी भाग्यश्री स्वतःकडे ठेवली. पुढे त्याला संचालकही मीच केले. काल, आठ मार्चला, तो ‘नेतृत्वपदावरील महिला’ या विषयावर व्यासपीठावरून बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खोटे लिहिले होते. खरे वर लिहिले आहे. मला लाज वाटते.

५. ते कपाट भंगारात देऊ नये. हमाली माझ्या इस्टेटीतून भागवून माधव गावंडे यांच्या दिवाणखान्यात, दार पाहुण्यांकडे करून, नेऊन ठेवावे. त्यांची हरकत विचारू नये.

६. कलम चार माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. त्याची एक प्रत उद्या मी स्वतः चौकीत देईन. आज ते मायलेकींसमोर वाचले. राजनंदिनीला मी अर्धे ऑफिस देऊ केले होते. ‘मृत्युपत्राच्या साक्षीदाराला वाटा नसतो,’ ती म्हणाली. ‘आणि मला तुमची साक्षच हवी होती.’

भाग्यश्रीला जया घेऊन आली. ‘आईबद्दल असेल तर मला ऐकायचं नाहीये,’ असे म्हणतच ती बसली. वाचताना दोनदा उठली, दारापर्यंत गेली, परत आली. शेवटी तिने आईचा उजवा हात मागितला. वाकडी बोटे एकेक करून पाहिली.

‘बाबा म्हणाले होते, तू मला मारायला धावलीस आणि दारात तुझा हात सापडला.’

‘तू तेव्हा शाळेत होतीस, बाळा.’

मग तिने पेन मागितले.

ठिकाण: पुणे. दिनांक: ९ मार्च २०१३.

लिहून देणार: शालन भीमराव ओव्हाळ (सही)

आमच्या समक्ष सही केली, साक्षीदार:

१. डॉ. धम्मदीप साळवे (सही)

२. राजनंदिनी गावंडे (सही, डाव्या हाताने)

३. भाग्यश्री ~~माधव~~ राजनंदिनी गावंडे (सही, खाडाखोड माझ्याच हातची)